चौदा तारखेपर्यंत

आता मला कुणी येऊन म्हणू तर द्या, "काय गं बाई, पल्लवी लई फुगली की!" हातातली कात्री फेकून मारीन, मग समोर म्हातारं असो का पाव्हणं. पुसेगावात आमच्या आळीला आता तेवढं कळलंय. पण उपयोग काय? कळायचं होतं तवा मलाच कळलं न्हाई. न्हाई, खोटं काहून बोलू. मला कळलं होतं.

पल्लवी माझ्या धाकट्या भावाची, रत्नपालची पोरगी. एकोणीस वर्षांची. रत्नपाल पुसेगाव-हिंगोली काळीपिवळी चालवतो, त्याची बायको पद्मा शाळेत खिचडी शिजवती. मी संगिता. नवरा वारल्यावर माहेरच्या आळीत आले, घरापुढं मशीन मांडली, आन तवापासून आळीतले समदे ब्लाउज, कुडते माझ्याच हाताखालून जातात. मला लेकरू न्हाई. पल्लवी माझ्या मशीनखाली चिंध्यांत लोळून मोठी झाली. दीड वर्षाची असताना तिनं एक गुंडी गिळली होती. मी तिला उलटी धरून पाठीत अशा चापट्या हाणल्या की गुंडी टणकन बाहेर पडली. पोरीच्या पाठीवर माझी पाचही बोटं उठली म्हणून पद्मा आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई.

मोठी झाल्यावर पल्लवी म्हणजे वारं. दहावीत असताना तिनं आळीतल्या पोरींचं लेझीम पथक उभं केलं. आधी बाबासाहेबांच्या जयंतीला पोरंच खेळायची आन पोरी दारात उभं राहून बघायच्या. हिनं बारा पोरी जमवल्या, रोज शाळेच्या मैदानात घाम गाळला, आन चौदा एप्रिलला तोंडात शिट्टी धरून मिरवणुकीच्या म्होरं चालली. पथकाचा एक नेम होता. बाराही जणींचे पांढरे कुडते एकाच ताग्यातले, एकाच मापाच्या घेराचे, वर निळी ओढणी. ते मी शिवायचे. शिलाई घ्यायची न्हाई हा माझा नेम.

बारावीत तिचे बोटांचे सांधे दुखाया लागले. मग गालावर लाल चट्टे उठले. मग ताप. हिंगोलीच्या डॉक्टरनं नांदेडला धाडलं. तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं, "लुपस आहे." आमाला काय समजतंय? तो भला माणूस, त्यानं खुर्च्या दिल्या, समजावून सांगितलं. म्हणला, "अंगातले जे पोलीस रोगाला मारायला असतात, त्यांनी घरच्याच माणसांवर लाठ्या उगारल्यात. सांध्यांवर, चामडीवर, आता किडनीवर. ही गोळी त्या पोलिसांना आवरते. तोंड सुजेल, वजन वाढेल. ते हळूहळू कमी होतं, आपण डोस उतरवत नेऊ. पण स्वतःच्या मनानं गोळी बंद करायची नाही. एकदम बंद केली तर जीव जाईल." मी तिथंच होते. माझ्या या कानांनी ऐकलं.

गोळी तर एवढीशी. पांढरी, बारकी, सदऱ्याच्या कॉलरच्या गुंडीएवढी. तिनं पोरीचं काय करून टाकलं! दोन महिन्यांत तोंड गरगरीत झालं, डोळे आत गेले, मानेमागं गोळा आला. ओठावर लव दाट झाली. मांड्यांवर, पोटावर जांभळे पट्टे उठले. ते फक्त मला माहीत, कारण माप मी घेते. टेप लावला की पोरगी डोळे गच्च मिटायची आन म्हणायची, "आत्या, आकडा मोठ्यानं वाचू नको."

आन लोकं! काय सांगू लोकांचं! "कुठल्या गिरणीचं पीठ खातीस गं?" "माय उपाशी आन पोरगी अशी?" हिंगोलीत कॉलेजच्या गेटवर पोरं हिंदीत म्हणायची, "डबल रोटी आ गयी." तिची जिवाभावाची मैतरीण सपना, तिनं एक दिवस हसत हसत म्हणलं, "पल्लवे, दाढी कवा करतीस?" पल्लवी बी हसली. घरी आली, माझ्या मशीनमागं बसली, आन दोऱ्याचं अख्खं रीळ उलगडून टाकलं. मी रीळ परत गुंडाळत बसले.

मागल्या वर्षीच्या जयंतीला मीच घाण केली. तिच्या कुडत्याला कापड जास्त लागलं आन तागा संपला. मी दोन्ही बाजूंना दुसऱ्या ताग्याची पट्टी लावली. घरात दोन्ही पांढरे एकच दिसत होते. उन्हात गेल्यावर तिच्या बाजूच्या पट्ट्या पिवळट दिसाया लागल्या. बारा पोरींत एकटीच्या कुडत्याला जोड. कोणतरी मागून म्हणलं, "एकीच्या कुडत्यात दोघी मावतील." पल्लवीनं शिट्टी सपनाच्या हातात दिली आन घरी निघून आली. दारं लावून घेतली. डीजे आळीतून जाईस्तोवर ती उघडली न्हाईत.

तवापासून ती पथकात गेली न्हाई.

पुढं या साली जानेवारीत काय झालं कुणास ठाऊक, पोरगी उतराया लागली. फेब्रुवारीत गालाची हाडं दिसली. मार्चात तिचे जुने झंपर अंगाला बसाया लागले. आरशासमोर उभी राहायची, मान वळवून वळवून बघायची. समदी आळी म्हणाया लागली, "पल्लवी, लई भारी दिसायलीस!" पद्मा म्हणली, "अक्का, गोळी मानवली बघ शेवटी." मला बी तसंच वाटलं. लई बरं वाटलं. मी तर तिला उभी करून तिची दृष्ट काढली, बुद्धाच्या फोटोकडं पाठ करून, कारण रत्नपालला असलं चालत न्हाई.

एक दिवस ती मागल्या वर्षीचा कुडता घेऊन आली. "आत्या, जोड काढ. बारीक कर. यंदा मी शिट्टी घेणार."

मी जोड उसवली, कुडता आत घेतला. आमच्या धंद्यात शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतात. माया म्हणतात त्याला. माणूस वाढलं की उसवून सैल करता येतं. मी माया सोडून शिवण मारली. पल्लवीनं कुडता उलटा केला, ती माया बोटात धरली आन म्हणली, "हे काप."

"अगं, असू दे की. आतून कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय. मी परत कवाच जाड होणार न्हाई. काप, आत्या. माझी शपथ हाय तुला."

कापली मी. वीस वर्षं मशीन चालवती, कुणाची माया कापली न्हाई, हिची कापली. दोन लांब पट्ट्या खाली पडल्या. तिनं त्या उचलून खिडकीच्या गजाला बांधल्या, हसत.

सहा एप्रिलला मी कुडत्यांना गुंड्या लावत होते. पांढऱ्या बारक्या गुंड्या कमी पडल्या म्हणून वरच्या फळीवरचा जुना पत्र्याचा डबा काढला. पल्लवी रोज सकाळी घरून निघून आधी माझ्याकडं यायची, त्याच डब्याशी खेळत बसायची. "आत्या, गुंड्या निवडून ठेवते." मला वाटायचं, किती गुणाची पोर. डबा ताटात उपडा केला. गुंड्यांमधी गोळ्या. काही अर्ध्या विरघळून वाळलेल्या, काही अख्ख्या, काहींना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मी एक उचलून जिभेला लावली. कडू जहर.

आगं माय! पद्मा रोज शाळेत जायच्या आधी गोळी स्वतःच्या हातानं द्यायची, पाणी प्यायला लावायची. ही गोळी गालात धरून, गल्ली ओलांडून, माझ्या घरात थुंकत होती. तीन महिने. माझ्या नाकाखाली.

ती आली तवा ताट समोरच होतं. ती खाली बसली आन माझे पाय धरले.

"आत्या, फक्त चौदा तारखेपर्यंत. पंधराला मी गोळी घेईन. तुझ्यासमोर घेईन. फक्त आठ दिवस."

"मरशील गं."

"मेले काय? तीन महिने झाले, मेले काय? बघ ना माझ्याकडं. बघ! तूच दृष्ट काढली ना माझी?"

मी बघितलं. काय सांगू! ते नाक, ती हनुवटी. माझी जुनी पोरगी परत आली होती. मागल्या वर्षीच्या बंद दारामागचं तिचं रडणं माझ्या कानात होतं. मला वाटलं, एवढे दिवस काय झालं न्हाई तर आठ दिवसांत काय होतंय? एकदा तिला म्होरं चालू दे. एकदा त्या समद्यांच्या तोंडावर शिट्टी वाजवू दे.

"चौदा तारखेपर्यंत," मी म्हणले.

"कुणाला सांगणार न्हाई?"

"न्हाई."

मला अक्कल न्हाई का? डॉक्टरचं बोलणं मी विसरले होते का? न्हाई विसरले. त्या आठ दिवसांत मी हे बी बघितलं की तिला सकाळी लेझीम मुठीत धरवत न्हाई. डोळ्यांखाली सूज यायली. जेवताना दोन घास खाऊन पाणी पिती. विचारलं की म्हणायची, "प्रॅक्टिसची दमणूक." मी स्वतःला सांगितलं, दमणूकच असंल. गोळ्या मला फेकवेनात. खिडकीला बांधलेली कुडत्याची पट्टी सोडली, तिच्यात गोळ्यांची पुरचुंडी बांधली आन पिशवीत ठेवली.

चौदा तारखेला पल्लवी मिरवणुकीच्या म्होरं होती. पांढरा कुडता अंगाबरोबर, निळी ओढणी कमरेला बांधलेली, तोंडात शिट्टी. भर उन्हात दोन घंटे. सपना मागच्या रांगेत होती. ज्या बाया गिरणीचं पीठ विचारत होत्या त्या मोबाईल वर धरून तिचे फोटो काढत होत्या. माझ्या घरापुढं आली तवा तिनं माझ्याकडं बघून लेझीम डोक्यावर नेली. मी रडले. आनंदानंच रडले, दुसरं काय.

पंधराला तिनं गोळी घेतली, माझ्यासमोर. शब्द पाळला पोरीनं. सोळाला उलट्या सुरू झाल्या. सतराला पाय सुजले, लघवी लाल झाली, चालता येईना. रत्नपालनं काळीपिवळीतले पाशिंदर रस्त्यात उतरवले आन तिला घालून नांदेड गाठलं.

दवाखान्यात नवीन डॉक्टर होता. त्यानं पयला प्रश्न हाच विचारला, "गोळ्या चालू आहेत का?"

पद्मा म्हणली, "एक दिवस चुकला न्हाई साहेब. मी हातानं देते."

रत्नपाल म्हणला, "बराबर हाय. रोज."

पल्लवी खाटेवर. तिचं बोलणं बंद झालं होतं, पण तिनं माझं बोट धरलं. दाबलं. तिचे डोळे माझ्यावर. माझ्या पिशवीत ती पुरचुंडी होती. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं माझं. पण भावाचं तोंड बघितलं, पद्माचं बघितलं, आन पिशवी छातीशी धरली. मी मनाशी म्हणले, सकाळी सांगते. उद्या जरा बरी झाली की सांगते.

गोळ्या चालू असताना असं झालं म्हणल्यावर ते डॉक्टर दुसरंच शोधत राहिले. इन्फेक्शन असंल म्हणून रक्त नेलं, फोटो काढले, सलाईन लावली. अख्खा एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं बीपी पडलं. नर्सा पळाया लागल्या. पडदा ओढला. तवा मी डॉक्टरच्या टेबलाशी गेले आन पुरचुंडी सोडली.

"साहेब, हे बघा. तीन महिन्यांच्या हायेत."

त्यानं गोळ्या बघितल्या. मग माझ्याकडं बघितलं. "बाई, हे काल सांगितलं असतं तर..." म्हणला आन पडद्याआड पळाला. पद्मा माझ्या मागंच उभी होती. तिनं मला मारलं न्हाई. मारलं असतं तर बरं झालं असतं.

जीव वाचला. किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिस, रत्नपालच गाडीतून नेतो. दुसरी किडनी बसवायची गोष्ट निघाली होती. डॉक्टरनं सरळ सांगितलं, "जी मुलगी गोळी थुंकते तिला किडनी कशी बसवायची? आधी वर्षभर गोळ्या नीट घेऊन दाखवा. नंतर जन्मभर घ्याव्या लागतील." म्हणजे समदं त्या एवढ्याशा गोळीवर आलं. आन गोळी परत जास्तीची सुरू झाली. तोंड परत गरगरीत झालं, आधीपेक्षा जास्त. हातावर सुयांच्या गाठी. अंगातलं पाणी वाढलं की डोळे उघडत न्हाईत.

दवाखान्यातून आल्यावर पद्मा माझ्या दारात आली. घरात पाऊल टाकलं न्हाई. गोळ्यांचं पाकीट उंबऱ्यावर ठेवलं. "तुमच्या घरात थुंकली ना? आता तुमच्याच घरात गिळंल. तुमी द्या, तुमी बघा." एवढंच बोलली. तवापासून आजवर माझ्याशी शब्द न्हाई.

म्हणून रोज सकाळी पल्लवी माझ्याकडं येती. मशीनशेजारी बसती. मी गोळी हातावर ठेवते, पाणी देते, तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. तरी भरवसा न्हाई. दोनदा मी तिच्या गालात बोट घालून गोळी काढली आन परत दिली. लाज वाटती मला. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडात बोट घालायचं. पण काय करू? लाडानं सांगून बघितलं, शिव्या देऊन बघितलं, पाया पडून बघितलं. बाबासाहेबांच्या फोटोसमोर शपथ घातली. ती ऐकून घेती आन म्हणती, "व्हय आत्या." व्हय म्हणायला तिचं काय जातंय!

आज सकाळी ती आली तवा तिच्या हातात मोबाईल होता. चौदा तारखेचा फोटो. तिनं माझ्यासमोर धरला.

"आत्या, खरं सांग, मी कशी दिसत होते?"

मी म्हणले, "वाळलेली. आजारी दिसत होतीस."

"खोटं बोलू नको. तू रडली होतीस बघून."

खरं काय ते तिला माहीत, मला माहीत. ती त्या दिवशी जशी दिसली तशी उभ्या आळीत कुणी दिसलं न्हाई आजवर. ते तोंडानं बोलले तर गोळी गालात जाणार. न बोलले तर मला लबाड समजून गोळी गालातच जाणार.

"लई देखणी दिसत होतीस," मी म्हणले. "आन ते बघायला मी तुझी किडनी घालवली. चुकले मी. आता गिळ माय."

तिनं गोळी हातातच ठेवली. तळहातावर घामानं ओली होऊन राहिली. मोबाईल बंद केला. मग एकदम शांतपणानं म्हणली, "आत्या, एक काम कर. मी मेले की मला तोच कुडता घाल. आपल्यात मेल्यावर पांढराच लागतो ना. तोच घाल. त्यात मी बरी दिसन."

माझं डोकंच फिरलं. रडायला यायचं सोडून राग आला. मी उठले, पेटीतून कुडता काढला, उलटा केला आन तिच्या मांडीवर टाकला.

"हा? हा घालायचा? आत बघ. माया हाय का? तूच कापायला लावली. हा आज तुझ्या दंडावर बी चढत न्हाई. आन मेल्यावर माणूस आणखी फुगतं, तुला माहीत हाय का? तुझे मामा, माझे मालक, दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी आणले तवा त्यांचा सदरा पाठीतून फाडून घालावा लागला. तुझं बी तेच करावं लागंल. पाठीत कात्री लावीन, गळ्यापासून खालपर्यंत. समदी आळी येईल, ती सपना येईल, त्या गिरणीवाल्या बाया येतील, आन तुला उघड्या पाठीची बघतील. चालंल?"

काय बोलले मी हे! माझ्याच लेकरासमोर, माझ्याच तोंडानं. पल्लवीनं कुडत्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. आत खरंच कापड न्हाई हे तिनं पुन्हा एकदा बघून घेतलं. मग गोळी तोंडात टाकली, वरून पाणी प्यायली, आन मी न सांगता तोंड उघडून जीभ वर केली.

गेली होती गोळी. मी बोट घालून दोन्ही गाल बघितले. काय न्हाई.

ती घरी गेल्यावर मी गुंड्यांचा डबा ताटात उपडा केला, एक एक गुंडी निवडली. नुसत्या गुंड्याच होत्या. आजची गोळी तिच्या पोटात गेली, एवढं खरं. उद्या सकाळी ती परत येणार, परत गोळी तळहातावर घेऊन माझ्याकडं बघत बसणार. उद्या तिला काय सांगू, ते मला अजून सुचलं न्हाई.